पाठमोरी बदकं

दुकानात हात मारणारी माणसं भिंगरीनं बरीच पाहिली होती. खिशात चॉकलेट सरकवणारी, बिस्किटाचा पुडा पिशवीत टाकून "अगंबाई, हे कधी आलं यात" म्हणणारी, सगळ्या तऱ्हेची. पण दुकानात यायचं, काही उचलायचं नाही, काही फोडायचं नाही, नुसती फळीवरची खोकी एकेक करून उलटी करायची आणि मग शहाण्यासारखं पाव घेऊन निघायचं... असला चोर तिनं जन्मात पाहिला नव्हता.

तो मागच्या कोपऱ्यात उभा होता, तिच्याकडे पाठ करून. बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. उंच, जरासा वाकलेला, शर्टावर नाही नाही त्या रंगांचे शिंतोडे, कानामागे पेन्सिल. कपडे धुवायच्या पावडरीचं खोकं तो दोन्ही हातांनी अलगद उचलायचा, भिंतीकडे तोंड करून ठेवायचा आणि कडा नीट जुळवायचा. झोपलेल्या बाळाला कुशीवर वळवावं तसं.

"झालं का?" भिंगरीनं मागून विचारलं.

तो असा दचकला की हातातलं खोकं पडता पडता वाचलं. वळून त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग फळीकडे पाहिलं.

"दोन राहिलीत," तो म्हणाला.

आता तुम्हीच सांगा, पकडल्यावर असं कुणी बोलतं का? कुठल्याही लाज असलेल्या माणसानं कानावर हात ठेवले असते, निदान भाव तरी विचारला असता. भिंगरी रागवायला म्हणून आली होती आणि तिला हसू फुटलं. ते दाबायला तिनं कमरेवर हात ठेवले.

"बदकांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

कारण त्या खोक्यांवर बदक होतं. पिवळं, गुबगुबीत, फेसात बसलेलं. बदकवाली पावडर घरोघरी असायची, आणि मावशीच्या दुकानात तर बदकाचंच राज्य होतं. खोकी ठेवायचा रॅक कंपनीचा, दारावरचं कापडी छप्पर कंपनीचं, शटरवर हे भलं मोठं बदक रंगवलेलं. दुकान मावशीचं आणि थाट बदकाचा.

"माझं नाही मारलं," तो म्हणाला. "माझ्या ताईचं मारलं."

मग तो पुन्हा खोक्याच्या कडा जुळवू लागला. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हे भिंगरीला मुळीच खपत नसे. तिनं स्टूल पुढे सरकवलं, स्वतः मात्र उभीच राहिली. बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. लहानपणापासून पायाला भिंगरी, म्हणून मावशीनं नावच भिंगरी ठेवलेलं, आणि आता खरं नाव कुणी विचारलं की तिला क्षणभर आठवावं लागे.

त्यानं सांगितलं ते असं. ताई त्या कंपनीत खोकी भरायच्या खात्यात होती. दिवसभर हवेत पावडर उडायची, नाकात, घशात, डब्यातल्या जेवणात. बायकांनी तोंडाला बांधायला चांगल्या पट्ट्या मागितल्या, पंखे मागितले. साहेब म्हणाले, बघू. बायकांनी पुन्हा मागितले. मग एक दिवस फाटकच उघडलं नाही. आत नव्या बायका होत्या आणि बाहेर या. ताईची नोकरी गेली आणि खोकला मात्र राहिला. अर्धा जिना चढली की कठड्याला धरून उभी राहते.

"तेव्हापासून आमच्या घरात बदक नाही. त्यांचा साबण नाही, तेल नाही, काही नाही. रोज सकाळी दवाखान्यात जाताना ती इथूनच जाते." त्यानं दाराकडे बोट केलं. "हा रॅक रस्त्यावरून दिसतो. म्हटलं, एका तरी दुकानात ते बदक तिच्याकडे बघून हसायला नको."

भिंगरीनं दाराकडे पाहिलं, मग रॅककडे.

"मग मला सांगायचं. नका ठेवू म्हणून."

"कसं सांगणार? दुकान तुमचं, पोट तुमचं. मी फक्त तोंड फिरवतो."

त्यानं पाव घेतला आणि जाताना काउंटरला ओझरता अंगठा टेकला. तिथं हिरव्या रंगाचा ठसा उमटला. दिवसातून दहादा काउंटर पुसणारी भिंगरी त्या ठशाभोवतीनं फडकं फिरवू लागली.

आणि राहिलेली दोन खोकी? तो गेल्यावर तिनंच उलटी केली.

*

पुढच्या पिठाच्या गिरणीजवळ त्याचं रंगकामाचं दुकान होतं. पाट्या रंगवायचा, शटर रंगवायचा, दारांवर नावं घालायचा. सगळे त्याला पेंटर म्हणायचे, भिंगरीही म्हणू लागली. संध्याकाळी हात धुऊन, म्हणजे धुतल्यासारखे करून, तो यायचा. कधी पाव, कधी काड्यापेटी, एकदा तर नुसता सुईदोरा. आणि बघतो तर काय, काल पाठमोरी केलेली बदकं आज पुन्हा तोंड वर करून हसतायत.

"सरळ झाली पुन्हा?"

"धूळ पुसायला काढली होती," भिंगरी म्हणायची. चेहरा एकदम सरळ.

"रोज?"

"आमच्याकडे स्वच्छता फार."

पेंटर मान डोलवायचा आणि कामाला लागायचा. भिंगरी शेजारच्या फळीवर काहीतरी लावत बसायची, म्हणजे उभी राहायची. सकाळी दुकान उघडल्यावर, दवाखान्याची वेळ टळली की पहिलं काम ती हेच करायची, सगळी बदकं सरळ. स्वतःशी म्हणायची, गंमत आपली. पण गमतीसाठी कुणी संध्याकाळी वेणी पुन्हा घालत नाही.

"आणि टीव्हीवर जाहिरात लागली की काय करता?" तिनं एकदा विचारलं.

"टीव्ही उलटा करतो."

"थापा."

"बरं, मी उलटा बसतो."

"आणि शटरवरच्या बदकाचं काय करायचं? ते काही फिरवता येत नाही."

पेंटरचा हात थांबला. "ते माझ्याच हातचं आहे," तो म्हणाला. "ताई आजारी पडायच्या आधीचं. गावातली सगळी बदकं माझीच. चांगलं काम होतं ते, वर्षभर पुरायचं. सोडलं."

भिंगरीला शटरवरच्या बदकाचा डोळा आठवला. रोज सकाळी शटर उचलताना तिला वाटायचं, हे बदक काहीतरी सांगणार आहे आणि ऐन वेळी लाजतंय. तिनं ते त्याला सांगितलं.

"डोळा मी नेहमी शेवटी काढायचो," पेंटर म्हणाला. "त्या दिवशी तुम्ही आत पोती उचलत होतात. दोनदा ब्रश घसरला."

म्हणजे... भिंगरीनं हिशेब लावायचा प्रयत्न केला आणि तिचे कान तापले. तेवढ्यात वरून ठक ठक झालं.

वर मावशी. मावशीचा पाय प्लास्टरमध्ये होता, म्हणून दुकान भिंगरीकडे आणि मावशी माडीवर. तिच्या हातात काठी होती आणि काठीची एक भाषा होती. एकदा ठोकलं की चहा, दोनदा ठोकलं की वर ये. आणि लागोपाठ बरेचदा ठोकलं तर समजायचं, खाली काय चाललंय ते मला कळतंय.

"त्या पेंटरला सुईदोरा कशाला लागतो गं?" भिंगरी वर गेल्यावर मावशीनं विचारलं.

"बटण तुटलं असेल."

"शर्टाला त्याच्या एक बटण धड नाही. सुईदोरा नेला त्यालाही आठवडा झाला." मावशीनं उशी सारखी केली. "मी खिडकीत बसते बाई. मला दुसरं काम काय."

"मावशी, एकट्या माणसानं पावडर घेतली नाही तर कंपनी बुडते का गं?"

"नाही."

"मग त्याचा उपयोग काय?"

"एकटा माणूस खोटं बोलला नाही तर जग सुधारतं का? तरी आपण पोरांना सांगतोच." मावशीनं तिच्याकडे बारीक डोळ्यांनी पाहिलं. "हे तुझं डोकं नाही. हे त्या सुईदोऱ्याचं डोकं आहे."

*

इथपर्यंत सगळं गोड होतं. आता गोम सांगते.

माणसाची जात मोठी चमत्कारिक. सरळ ठेवलेल्या वस्तूकडे तो ढुंकून बघत नाही. पण वस्तू भिंतीकडे तोंड करून बसली की त्याच्या पोटात दुखायला लागतं. पहिले आले ते निवृत्त मास्तर. सकाळी फिरून परतताना त्यांनी चष्मा वर करून फळीकडे पाहिलं, काउंटरवर वाकले आणि हळूच म्हणाले, "ते पाठमोरं ठेवलंय ते द्या एक."

"अहो मास्तर, ते बदकच आहे."

"हो हो, कळलं." मास्तरांनी डोळा मारला. "ओळखीच्यांसाठी वेगळा माल ठेवता, मला का माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या शेजारीणबाई आल्या. पाठमोऱ्या खोक्यातल्या पावडरीला म्हणे फेस जास्त येतो. मग शिंपीणबाई आल्या, मग न्हावी आला, मग अशी माणसं आली जी मावशीच्या दुकानात कधी फिरकली नव्हती. भिंगरी प्रत्येकाला सांगायची, तीच पावडर आहे हो. जितकं ती सांगायची तितकं त्यांना जास्त पटायचं की काहीतरी आहे. कंपनीची गाडी आठवड्यातून दोनदा माल टाकू लागली.

करायला गेला बिचारा एक आणि झालं भलतंच. बदकाला नामोहरम करायला निघालेला माणूस रोज संध्याकाळी येऊन आपल्या हातानं बदकाचा खप वाढवत होता, कडा जुळवून.

आणि भिंगरीला हे ठाऊक होतं. तिनं सांगायचं ठरवलं. खरंच ठरवलं, एकदा नाही, रोज. पण संध्याकाळ व्हायची, तो दारात पाय झटकायचा, कानामागची पेन्सिल चाचपायचा आणि म्हणायचा, "पुसून झाली का धूळ?" मग तिला वाटायचं, सांगितलं की हा थांबणार. खोकी उलटी करायची नाहीत, तर याला इथं यायचं कारण काय? पाव तर गिरणीपाशीही मिळतो. मूग गिळून ती गप्प बसायची. आज नको, उद्या.

उद्या काही आलं नाही, टायवाला आला.

टायवाला म्हणजे कंपनीचा माणूस, महिन्यातून एकदा रॅक बघायला यायचा. त्या दिवशी भलत्या वेळी, संध्याकाळी आला आणि दारातूनच दोन्ही हात पसरून म्हणाला, "कुठे आहेत मावशी? साऱ्या भागात तुमचं दुकान पहिलं. नवीन छप्पर, नवीन शटर, त्यावर डबल साइज बदक, आणि 'सर्वोत्तम विक्रेता' अशी पाटी. साहेबांनी स्वतः सांगितलंय."

पेंटर रॅकसमोर उभा होता. हातात खोकं, निम्मं वळलेलं.

टायवाल्यानं त्याच्याकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं, आणि त्याचे डोळे चमकले. "म्हणजे ही आयडिया तुमची? लोक विचारतायत, तो पाठमोरा माल कधी येणार. अहो, तुम्ही तर आमचे जुने बदकवाले पेंटर." त्यानं पेंटरचा रिकामा हात धरून गदागदा हलवला. "इतकी वर्षं जाहिराती करतोय, पण हे नाही सुचलं कुणाला. आमच्याकडे या तुम्ही, खरंच या."

पेंटरनं हात सोडवून घेतला. त्यानं टायवाल्याकडे पाहिलंच नाही.

"तुम्हाला माहीत होतं?" त्यानं भिंगरीला विचारलं.

नाही म्हणता आलं असतं. भिंगरीनं मान हलवली. हो.

"कधीपासून?"

"बरेच दिवस."

"आणि तुम्ही रोज बघत होतात." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "मी घरी जाऊन ताईला सांगायचो, आज पण फिरवली. ती हसायची. मला वाटायचं, आपण तिच्यासाठी काहीतरी करतोय..."

"मी सांगणार होते."

"कधी?"

याला उत्तर होतं, पण ते टायवाल्यासमोर कसं द्यायचं? पेंटरनं हातातलं खोकं तसंच, तिरकं, फळीवर ठेवलं आणि निघून गेला. पाव काउंटरवरच राहिला.

*

तो आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. गिरणीपाशी जायचं म्हणून भिंगरी दोनदा निघाली आणि दोनदा अर्ध्यातून परतली. काय सांगणार? खोकी सरळ करायचं तिनं सोडून दिलं, उलटी करायचंही सोडलं. बदकं वाटेल तशी बसली होती, आणि मावशीची काठी नुसती एकदाच ठोकायची. चहा.

मग एका सकाळी एक बाई दाराशी थबकल्या. पेंटरसारख्याच उंच, तसंच वाकणं. त्यांनी पदर नाकाला लावला, आत आल्या आणि खोकल्याच्या गोळ्या मागितल्या. मागता मागताच खोकल्या, इतक्या की भिंगरीनं काउंटर ओलांडून त्यांना स्टुलावर बसवलं आणि पाणी दिलं.

"तूच का ती धूळ पुसणारी?" श्वास जागेवर आल्यावर ताईंनी विचारलं.

भिंगरीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"घरी बसून त्यानं स्वयंपाकघराचं दार रंगवलं. मग पुसलं आणि पुन्हा रंगवलं. बोलत नाही, जेवत नाही धड. म्हटलं, बघून यावं."

"ताई, माझं चुकलं. तुमचं दुखणं होतं आणि मी... मला तो यायला हवा होता. म्हणून बोलले नाही." हे तिनं अजून स्वतःलाही इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

ताई हसल्या. मग पदर पुन्हा नाकाला लावला. "एक सांगू? त्याला नको सांगूस. मी त्या बदकांकडे कधी बघितलंसुद्धा नाही. चित्राचं काय मेलं. मला त्रास होतो तो वासाचा. इथून जाताना वास आला की ते खातं आठवतं आणि घसा आवळतो. मी रस्त्याच्या पलीकडून जाते." त्यांनी रॅककडे पाहिलं. "तोंड फिरवलं म्हणून वास थोडाच फिरतो?"

त्या गेल्यावर भिंगरी रॅकपाशी गेली आणि तिनं लांब श्वास घेतला. इतकी वर्षं तिला तो स्वच्छतेचा वास वाटायचा. आता नाही वाटला.

ती जिना चढून वर गेली. मावशीनं काठी ठोकलीही नव्हती.

"मावशी, बदकवाली पावडर ठेवायची नाही."

मावशीनं खिडकीतून नजर काढली. हे दुकान तिनं एकटीनं उभं केलेलं. नवरा गेल्यावर, बहिणीची पोर पदरात असताना. कंपनीचं छप्पर लागलं तेव्हा तिनं साऱ्या गल्लीला चहा पाजला होता. आणि पावडरीला आलेलं गिऱ्हाईक जाताना साखर नेतं, चहा नेतं, हे भिंगरीलाही ठाऊक होतं. पावडर गेली की अर्धं दुकान जायचं.

"त्या पोरासाठी?" मावशीनं विचारलं.

"हो." मग भिंगरी थांबली. "नाही. सुरुवात त्याच्यासाठीच झाली. पण आज त्याची ताई आली होती. आपल्या स्टुलावर बसून तिला श्वास घेता येईना. आपल्या दुकानात, मावशी. वास सहन होत नाही म्हणून ती पलीकडून जाते, आणि आम्ही दोघं इथं खोक्यांची तोंडं फिरवत बसलो होतो."

मावशीनं प्लास्टरवर बोटं वाजवली.

"नुसतं पोरासाठी असतं तर नाही म्हणाले असते," ती शेवटी म्हणाली. "पोरं येतात जातात, दुकान राहायला हवं. पण बाई दारात गुदमरते म्हणतेस, तर काय बोलणार? काढ. फक्त एक लक्षात ठेव. माल संपला म्हणून थाप मारायची नाही. विचारेल त्याला का ते सांगायचं, तोंडावर. चोरून चांगलं काम करायला गेलात, त्याचं काय झालं बघितलंस ना?"

भिंगरीनं सांगितलं. मास्तरांना सांगितलं, शिंपीणबाईंना सांगितलं, न्हाव्याला सांगितलं. काहींनी नाकं मुरडली आणि दुसरीकडे गेले. शिंपीणबाईंनी कपाळावर हात मारून सुटा साबण घेतला. मास्तर रुसून दोन दिवस आले नाहीत, तिसऱ्या दिवशी आले आणि साधा साबण मागून म्हणाले, "हा तरी पाठमोरा ठेवलेला द्या." टायवाला आला, आधी हसला, मग रागावला, मग त्याची माणसं रॅक उचलून घेऊन गेली आणि कापडी छप्परही सोडून नेलं. दुकान बोडकं दिसू लागलं.

आणि लगेच पाऊस आला. यायचाच. गरज नसते तेव्हा पावसाला बरोबर पत्ता सापडतो. तिरकी सर थेट पावाच्या टोपल्यांवर येऊ लागली. भिंगरी एक टोपली आत ओढायची तोवर दुसरी भिजायची. केस तोंडावर, हात पिठानं माखलेले.

"शिडी धरा," मागून कुणीतरी म्हणालं.

पेंटर होता. खांद्यावर शिडी, काखेत ताडपत्रीची गुंडाळी. शिडी लागली, तो वर चढला आणि छपराच्या रिकाम्या आकड्यांना ताडपत्री बांधू लागला. रंगकामाची होती ती, वर्षानुवर्षांचे थेंब सांडलेली. लाल, निळा, हिरवा, आणि खूपसा बदकाचा पिवळा. पाऊस तिच्यावर तडतडू लागला. शिडी धरून भिंगरी खाली उभी होती, आणि पहिल्यांदाच एका जागी स्थिर.

"रॅक कुठे गेला?" त्यानं वरून विचारलं.

"कंपनीनं नेला. आम्ही माल परत केला."

गाठ मारणारे हात थांबले. "मी असं म्हणालो नव्हतो."

"तुम्ही काहीच म्हणत नाही. तोच तर घोटाळा आहे."

"दुकानाचं काय होणार?"

"बघू. कमी चालेल, पण चालेल. तुम्ही बदकं सोडलीत तेव्हा कुणाला विचारलं होतंत?"

तो वरून तिच्याकडे बघत राहिला. नाकावरून पाण्याचा थेंब निघाला तो तिच्या कपाळावर पडला.

"मी तुमच्यावर चिडलो नव्हतो," तो म्हणाला. "म्हणजे चिडलो होतो, एक दिवस. मग घरी बसून विचार केला की खप वाढतोय हे मला का नाही दिसलं? खोकी रोज कमी व्हायची, मीच मोजून लावायचो. तेव्हा कळलं की मी खोक्यांकडे बघतच नव्हतो. नाव ताईचं आणि येत होतो भलत्याच कामासाठी. त्याची लाज वाटली... म्हणून आलो नाही."

भिंगरीनं शिडी घट्ट धरली. आता नाही तर कधीच नाही.

"मलाही एक सांगायचंय. ती बदकं... धूळ पुसायला नव्हती काढलेली. सकाळी मीच सरळ करायची. तू यावंस म्हणून."

तू केव्हा झाला, ते तिलाही कळलं नाही.

"माहीत होतं," पेंटर म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"सरळ केलेल्या खोक्यांखाली फळीवर धूळ तशीच असायची. बोटभर. रोज."

"आणि तू बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर तू सरळ करायची थांबली असतीस."

दोघंही हसायला लागले, शिडी हलेपर्यंत. तो उतरला. शेवटच्या पायरीवर आला तेव्हा दोघांचे चेहरे एका उंचीवर होते. त्यानं अंगठ्यानं तिच्या कपाळावरचा थेंब पुसला आणि अर्थातच तिथं निळा डाग पडला.

"आता फिरवायला काही नाही," तो हळूच म्हणाला. "उद्यापासून कोणत्या निमित्तानं येऊ?"

"निमित्त कशाला लागतं? सरळ ये. मला तू हवा आहेस, पाव नेलास काय आणि न नेलास काय."

"मलाही," तो म्हणाला. मग, इतकं पुरेसं नाही असं वाटून, "कायमचा."

"आणि ती उजवीकडची गाठ ढिली आहे," त्यांच्या डोक्यावरून आवाज आला. ताडपत्रीच्या वीतभर वर मावशीची खिडकी होती, आणि मावशी तिच्यात कोपरं टेकून आरामात बसली होती. "मारतोसच आहेस तर नीट मार बाबा. पुन्हा पुन्हा नाही बांधत कुणी."

*

ऊन पडलं त्या दिवशी पेंटर शटर रंगवायला आला. बदकावर पांढरा हात मारला. पंख गेले, चोच गेली, फेस गेला. डोळ्यापाशी आला तेव्हा मावशी वरून ओरडली की तेवढा राहू दे, मला रोज बघायची सवय आहे. मग त्या डोळ्याभोवती त्यानं एक चिमणी काढली.

ताई अलीकडच्या बाजूनं आल्या. दाराशी थांबल्या, सवयीनं पदर नाकाकडे गेला. मग तो खाली आला. त्या आत येऊन स्टुलावर बसल्या आणि त्यांनी डोळे मिटून लांब श्वास घेतला, छातीभर, न खोकता.

पेंटर ब्रश हातात धरून दारातच उभा होता. भिंगरी त्याच्या शेजारी उभी होती. दोघांनाही विचारायचा धीर होईना.

"पावाचा वास येतोय," ताई म्हणाल्या.